तक्रारींचं कोठार

दप्तरखान्यात कागद मीटरने मोजतात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पानं किती, अक्षरं किती, त्यात अक्कल किती, असल्या भानगडीत तिथे कोणी पडत नाही. खोकी फळीवर ओळीने लावायची आणि फळीची लांबी नोंदवायची. या मापाने एखाद्या कवीचं आयुष्य वीतभर भरतं आणि एखादी सहकारी संस्था भिंत अडवून बसते. ज्याने जन्मात एकदा तरी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा शेवटपर्यंत बसून काढली आहे, त्याला याचं नवल वाटायचं नाही. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, या एका विषयावर माणसं अख्खी दुपार घालवू शकतात. आणि त्या दुपारचंही पुढे इतिवृत्त होतं.

कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे मॅनिटोबा, सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या सपाट मुलखात, गहू पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थांनी अशा कितीतरी भिंती अडवल्या आहेत. त्यातल्या अल्बर्टा व्हीट पूलचे कागद कॅलगरीच्या ग्लेनबो संग्रहात आले. ग्लेनबोची जन्मकथाही ऐकण्याजोगी आहे. एरिक हार्वी नावाचे कॅलगरीचे वकील. त्यांनी पुष्कळ जमिनीखालचे खनिज हक्क घेऊन ठेवले होते. १९४७ पासून अल्बर्टात तेल लागत गेलं आणि हार्वींच्या हक्कांखालीही भरपूर निघालं. अचानक पैसा आलेला माणूस काय काय करतो हे आपण पाहतोच. हार्वींनी १९५५ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं आणि दिसेल ते जमवायला सुरुवात केली. जुने कागद, फोटो, चित्रं, हत्यारं, मूळ रहिवाशांच्या वस्तू. पुरातत्त्वज्ञही त्यांनी असाच मिळवला. रिचर्ड फॉर्बिस या तरुण संशोधकाला नोकरीवर ठेवलं आणि खणायला पाठवलं. शेवटी १९६६ मध्ये हा सगळा पसारा अल्बर्टाच्या जनतेला देऊन टाकला आणि वर ५० लाख डॉलर दिले. माळा आवरण्याचा याहून उदार मार्ग मला तरी ठाऊक नाही.

अशा रीतीने गव्हाच्या पावत्या आणि बाणांची टोकं एका नावाखाली नांदू लागली. वरवर पाहता ही जोडी विजोड आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच शेतातून आलेल्या, आणि दोन्ही मागे ठेवणाऱ्यांच्या मनात इतिहास वगैरे अजिबात नव्हता. फरक असलाच तर एवढाच, की एकांनी भरपूर तक्रारी लिहून ठेवल्या आणि दुसऱ्यांनी एकही नाही.

तक्रारींचं मूळ होतं लाकडी कोठारात. रेल्वेच्या रुळांकडेला दर आठ-दहा मैलांवर स्टेशन आणि स्टेशनाशेजारी उंचच उंच कोठार, तिथल्या भाषेत एलेव्हेटर. जाडजूड फळ्या आडव्या रचून खिळ्यांनी जखडलेल्या त्याच्या भिंती. १९३०च्या दशकात तिन्ही प्रांतांत मिळून अशी साडेपाच हजारांहून अधिक कोठारं उभी होती. शेतकरी गाडी घेऊन यायचा. भरली गाडी काट्यावर चढायची, धान्य खालच्या खड्ड्यात ओतलं जायचं, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. खड्ड्यातलं धान्य पट्ट्याला लावलेल्या वाट्यांतून वर चढायचं. मग कोठाराचा एजंट नमुना चाळणीत घ्यायचा, तणाचं बी आणि काडीकचऱ्यापोटी किती तूट धरायची ते ठरवायचा, प्रत लावायचा आणि पावती फाडायचा. म्हणजे वजन त्याचं, चाळणी त्याची, प्रत त्याची, भाव त्याच्या मालकाचा. शेतकऱ्याच्या हाती काय, तर लगाम. बाजारात हातरुमालाखाली बोटं दाबून ठरलेले भाव ज्यांच्या आजोबांनी सोसले आहेत, त्यांना या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव वर्णन करून सांगायला नको.

१९०१ साली पीक इतकं आलं की ते न्यायला रेल्वेचे डबेच पुरेनात. शेतकरी इंडियन हेड या गावी जमले आणि टेरिटोरियल ग्रेन ग्रोअर्स असोसिएशन जन्माला आली. मदरवेल नावाचे शेतकरी पुढारी झाले, जे पुढे मंत्रीही झाले. लवकरच कायद्यात कलम बसलं. स्टेशनात डब्यांच्या मागणीची वही ठेवायची आणि ज्याचं नाव आधी त्याला डबा आधी. सिंटालूटा स्टेशनाच्या एजंटाने वही बाजूला सारून कोठारवाल्यांना डबे दिले. संघटनेने त्याच्यावर खटला भरला, जिंकला, आणि वरच्या न्यायालयातही तो निकाल टिकला. रांग मोडली म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली ही मंडळी. आपल्याकडे रांग मोडणाऱ्याशी फार तर दोन शब्द होतात आणि मग आपणही बाजूने घुसायची वाट शोधतो.

याच सिंटालूटाचे एडवर्ड पार्ट्रिज. १९०५ मध्ये शेजाऱ्यांनी त्यांना विनिपेगच्या धान्यबाजारात काय चालतं ते बघायला पाठवलं. बघून आलेला माणूस गप्प बसेल तर तो पार्ट्रिज कसला. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी निघाली आणि २५०० डॉलर मोजून बाजारात जागा घेतली. कंपनीने नफा सभासदांना त्यांच्या मालाच्या प्रमाणात वाटायचं ठरवताच बाजाराने नियमावर बोट ठेवून तिला बाहेर काढलं. प्रांत सरकारने डोळे वटारल्यावर पुन्हा आत घेतलं. पार्ट्रिज पुढे कापणीयंत्राच्या अपघातात पाय गमावून बसले, पण बोलायचे थांबले नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी गरिबीशी लढण्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात पश्चिम कॅनडाचं एक वेगळं सहकारी राष्ट्रच कल्पून टाकलं. प्रत्येक सहकारी चळवळीला असा एक माणूस लागतो. त्याला अध्यक्षपदावर फार काळ ठेवत नाहीत, पण त्याच्याशिवाय सभेला कोणी येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर भाव पडले तेव्हा नुसती कंपनी पुरेना. १९२३ च्या उन्हाळ्यात ऍरन सॅपिरो हा कॅलिफोर्नियाचा वकील प्रेअरीवर भाषणं देत फिरला. हा गृहस्थ इतका फर्डा होता, की गव्हाचं एक रोप न लावता त्याने हजारो गहूवाल्यांना सह्या करायला लावल्या. करार असा, की पुढची पाच वर्षं माझा गहू मी पूललाच घालीन. गहू दिला की पहिली उचल, मग विक्री होईल तसतसे पुढचे हप्ते. ऊसवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. (याच सॅपिरोने पुढे हेन्री फोर्डवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९२७ मध्ये फोर्डला माफी मागावी लागली. म्हणजे नुसतं बोलणंच नव्हे, ऐकून न घेणंही त्याला जमत होतं.) अल्बर्टात १९२३ साली आणि सॅस्कॅचेवान व मॅनिटोबात १९२४ साली पूल उभे राहिले, आणि दशक संपता संपता प्रेअरीवरचा निम्म्याहून अधिक गहू त्यांच्या हातातून जाऊ लागला.

आता खरी गंमत सुरू होते. कोठारं आपली, काटा आपला, एजंटही आपलाच नेमलेला. मग तक्रारी संपल्या का? छे. आजवर परक्या कंपनीविरुद्ध कुरकुर शेतावरच विरून जायची. आता तिला पत्ता मिळाला. स्थानिक समित्या, प्रतिनिधी, संचालक, आणि या प्रत्येकाकडे लिहून पाठवायचा सभासदाला हक्क. दोन माणसांचा एकमेकांवर पुरता विश्वास असेल तर त्यांच्यात चिठ्ठीचाही व्यवहार होत नाही. काट्याच्या पावत्या, प्रतवारीचे नमुने, हप्त्यांचे तक्ते, ठराव, उपसूचना, हे सगळं संशयाचं पीक आहे, आणि माझ्या मते तेच सहकाराचं सर्वांत निरोगी लक्षण. ज्या संस्थेचं दप्तर अगदी स्वच्छ आणि आटोपशीर असतं, तिच्यात ठेव ठेवायची मला तरी भीती वाटेल.

१९२९ मध्ये पूलांनी पहिली उचल ठरवली बुशेलला एक डॉलर. बुशेल म्हणजे ६० पौंड गहू. मग जगाचा बाजार कोसळला. १९३२ च्या डिसेंबरात विनिपेगला भाव ४० सेंटच्या खाली गेला. पूलांनी शेतकऱ्यांना आधीच जास्त पैसे देऊन ठेवले होते. बँकांना प्रांत सरकारांनी हमी दिली, आणि दोन कोटी डॉलरहून मोठं ते देणं पूल वर्षानुवर्षं फेडत राहिले. पण फेडलं. कर्जमाफीच्या घोषणा ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला हे वाक्य जरा अपुरं वाटतं, म्हणून पुन्हा लिहितो, फेडलं. पुढे १९३५ मध्ये सरकारी गहू मंडळ आलं आणि विक्रीचं ओझं हळूहळू तिकडे गेलं. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईत कोलंबो योजनेतून कॅनडाचा गहू भारतातही आला. तो विकून उभे राहिलेले रुपये मयूराक्षी नदीवरच्या धरणाला लागले. मसानजोरच्या त्या धरणाला आजही कॅनडा डॅम म्हणतात.

भाव पडले त्याच वर्षांत पाऊसही पळाला. नांगरून भुसभुशीत केलेली माती वाऱ्याने उचलली, कुंपणांवर चढवली, घरांत घातली. शेतकरी सकाळी शेतावर जाऊन पाहतो तो पेरलेलं बी उडून गेलेलं आणि खाली उघडी पडलेली बाणांची टोकं, दगडी खुरचण्या, हाडं. गहू येईना, पण हे पीक आलं. हातांना काम नव्हतं, खिशात पैसा नव्हता, आणि हा छंद फुकट होता. अख्ख्या प्रेअरीवर माणसं मान खाली घालून चालू लागली. बिस्किटांच्या डब्यांत टोकं साठली. हौशी लोकांनी ती काचेच्या चौकटीत फुलाच्या नक्षीत मांडून बैठकीच्या खोलीत टांगली. सॅस्काटूनच्या पुरातत्त्व मंडळाची स्थापना १९३५ ची आहे, हा योगायोग नव्हे. दुष्काळाच्या ऐन मध्यावर, गव्हाचे पैसे बुडालेले असताना, लोकांनी वर्गणी काढून दगडांवर चर्चा सुरू केली. आणि मंडळ म्हटलं की तिथेही इतिवृत्त आलंच.

पुरातत्त्वज्ञ या संग्राहकांविषयी बोलताना थोडे अडखळतात. एकीकडे राग, कारण चौकटीतल्या फुलाच्या पाकळीला हे विचारता येत नाही की तू कुठल्या शेतातून आलीस, किती खोलीवर होतीस, शेजारी कोण होतं. दुसरीकडे उपकार, कारण जागा दाखवायला तीच माणसं पुढे आली. नोंदी ठेवणारेही त्यांच्यात होतेच. १९५४ मध्ये बॉयड वेटलॉफर यांनी मॉर्टलॅक गावाजवळ थरांखालून थर उलगडत सॅस्कॅचेवानच्या भूतकाळाचा पहिला नीट क्रम लावला. खणणाऱ्याचा खरा आनंद देखण्या टोकात नसतोच. तो असतो टोक घडवताना उडालेल्या कपच्यांत, फोडलेल्या हाडांत, जळक्या मातीत. टोक म्हणजे अध्यक्षीय भाषण. कपच्या म्हणजे हजेरीपट.

फॉर्बिस यांचं १९५८-५९ चं उत्खनन मला सर्वांत आवडतं. केली गावाजवळ १९५२ च्या पुरात ओढ्याकाठची माती वाहून गेली आणि गव्यांच्या हाडांचे थर उघडे पडले. शेकडो वर्षं माणसांनी इथे गव्यांचे कळप पिटाळत आणून कड्यावरून खाली पाडले होते. ब्लॅकफूट लोकांची एक कथा अशाच कड्याशी जोडलेली आहे. फार पूर्वी पुरुष आणि बाया वेगवेगळे राहत. बायांचा संसार टापटिपीचा, पुरुषांचा कसाबसा. एकदा ठरलं, आता जोडीने राहायचं, आणि नवरा बायांनी निवडायचा. त्यांची नायिका कामावरून तशीच उठून आली, अंगावर रक्त आणि चरबी माखलेली. तिने निवडलं नापीला, म्हणजे थोर म्हाताऱ्याला. त्याने नाक मुरडलं. ती परत गेली, नटून आली, आणि बाकीच्या बायांना बजावून आली की याला कोणी घ्यायचं नाही. सगळ्यांची लग्नं लागली, नापी उरला आणि शेवटी त्याचं पाइनचं झाड झालं. फॉर्बिस यांनी या जागेच्या अहवालाला ‘ओल्ड विमेन्स बफेलो जंप’ असंच नाव दिलं. त्या अहवालाचा जीव मात्र नापीत नाही. तिथे छोट्या बाणटोकांची काटेकोर वर्गवारी आहे आणि काही प्रकारांना आसपासच्या जागांची नावं. त्यातला एक प्रकार नँटन. नँटन हे गव्हाचं गाव, आणि तिथली जुनी लाकडी कोठारं गावकऱ्यांनी पाडण्यापासून वाचवून आज प्रदर्शन म्हणून जपली आहेत. बाणाचं टोक आणि धान्याचं कोठार एकाच गावाच्या नावाने ओळखलं जावं, एवढी सोय इतिहास क्वचित करून ठेवतो.

१९६० मध्ये फॉर्बिस क्लूनीजवळ, ब्लॅकफूटांपैकी सिक्सिका लोकांच्या राखीव भूमीवर खणू लागले. अठराव्या शतकातलं तटबंदीचं गाव, खंदक आणि लाकडी कूड असलेलं, आसपासच्या कशाशीच न जुळणारं. हे लोक दूर आग्नेयेला, मिसूरी नदीकडून आले असावेत, असा निष्कर्ष निघाला. आणि ब्लॅकफूटांच्या वडीलधाऱ्यांकडे तर मातीच्या घरांत राहणाऱ्या त्या पाहुण्यांची आठवण आधीपासूनच होती. वन गन या वृद्ध जाणत्याच्या नावावरून पुरातत्त्वज्ञांनी त्या पर्वाला वन गन पर्व असं नाव दिलं. सव्वादोनशे वर्षं, पिढ्यान्पिढ्या, एक ओळही न लिहिता. फळीची लांबी शून्य. माझा इतिवृत्तांवरचा विश्वास इथे थोडा डळमळतो, पण मी तो पुन्हा सरळ करून घेतो. वन गनच्या माणसांना वर्षाअखेरीस हप्त्याचा हिशेब द्यायचा नव्हता.

गहू येण्याआधी प्रेअरीने आणखी एक माल विकला, आणि त्याची पावती कोणाला दाखवावीशी वाटत नाही. गवे संपवल्यावर माळभर हाडं उरली. १८८०च्या दशकात रेल्वे आली तशी ती वेचून, गाड्या भरभरून, टनावर विकली गेली. साखर शुद्ध करायला आणि खताला. रेजायना शहराच्या जागेचं आधीचं इंग्रजी नावच ‘हाडांचा ढीग’ होतं. नव्याने आलेल्या कितीतरी कुटुंबांना पहिला रोख पैसा याच पिकाने दिला. दगडांचंही तसंच. तंबूची कड दाबून धरायला गोल मांडलेले धोंडे नांगराच्या आड येत, म्हणून ते वेचून बांधावर रचले. आज ते ढीग बघून कोणी सांगू शकत नाही की यातला कुठला धोंडा कुणाच्या घराचा. शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याला बँकेचा हप्ता होता.

पूलांचं पुढे काय झालं हे चटकन सांगतो, कारण ते रडकं आहे. रस्ते सुधारले, रेल्वेच्या आडवाटा बंद झाल्या, लाकडी कोठारं पाडून काँक्रीटची अजस्र केंद्रं बांधली गेली. १९९६ मध्ये सॅस्कॅचेवान पूलचे समभाग शेअर बाजारात आले. १९९८ मध्ये अल्बर्टा आणि मॅनिटोबाचे पूल एकत्र झाले, २००१ मध्ये आणखी एक विलीनीकरण, आणि २००७ मध्ये हे सगळं सॅस्कॅचेवान पूलने घेऊन व्हिटेरा असं नवं नाव धारण केलं. मग ती परक्या कंपनीने विकत घेतली. कोठारं, काटे, गिऱ्हाइकं सगळं विकलं गेलं. पूलच्या कागदांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते वाचले. ग्लेनबोचा दप्तरखाना अलीकडे कॅलगरी विद्यापीठाकडे गेला आहे. कोणत्या कोठाराने कुणाच्या गव्हात किती कचरा धरला, याचा शोध घ्यायला तिथे जाता येतं.

पुरातत्त्वाची बातमी त्यामानाने चांगली आहे. सॅस्काटूनच्या उत्तरेला वॉनस्केविन नावाचं वारसा उद्यान आहे. सहा हजार वर्षांपासूनच्या वस्त्यांच्या खुणा एका छोट्या ओढ्याच्या खोऱ्यात. अर्नेस्ट वॉकर हे पुरातत्त्वज्ञ तिथे १९८०च्या दशकापासून राबत आले आहेत. २०१९ च्या डिसेंबरात तिथे दीडेकशे वर्षांनी गवे परत आणून सोडले. गवा मातीत लोळतो. त्याच्या अंगाला ते बरं वाटतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये या गव्यांनी लोळून लोळून गवत घालवलं आणि खालून एक धोंडा वर आला. वॉकर यांनी वाकून पाहिलं तर त्यावर माणसाने कोरलेल्या रेघा, गव्याच्या बरगड्यांच्या. त्यानंतर आसपास आणखी तीन कोरीव धोंडे निघाले आणि कोरण्याचं दगडी हत्यारही. वॉकर याच वाटेने किती वर्षं ये-जा करत होते!

शास्त्राच्या दृष्टीने या उत्खननात काही धड नव्हतं. जाळं आखलं नव्हतं, माती चाळली नव्हती, खोली नोंदवली नव्हती, आणि खणणाऱ्यांनी वर तिथेच शेण टाकलं होतं. तरी पुरातत्त्वज्ञांपैकी कोणी लेखी तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.